गिळा, आबा!

…आणि त्यात पुन्हा ते ऊन! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सकाळी नऊलाच सोनगीरच्या किल्ल्याकडं बघवत नव्हतं, दगड पांढरेफटक पडलेले, वारा कुठं गेला पत्ता नाही, कावळासुद्धा हौदात पाय बुडवून उभा. आमच्याकडं असं ऊन पडलं की माणूस डोक्यापासून गळ्यापर्यंत बागायती रुमाल गुंडाळून घेतो, नुसते डोळे दिसतात, बाप पोराला ओळखत नाही. आणि नेमका त्याच दिवशी मी दाढी करायला गेलो! आता दाढी करायला जाणं हा काही गुन्हा आहे का? सांगा ना. तुम्ही इथं दवाखान्यात बाकावर बसलात म्हणजे तुमचंही काहीतरी गळ्याचंच असणार, तुम्हाला कळेल. थोडं सरका ताई… हां, बसतो. माझ्याबरोबरचा तो खाली कागद काढायला गेलाय, रांग मोठी आहे, तोवर सांगतो. तो आला की मी गप्प बसेन, मग तुम्ही आपलं उन्हाचं बोला.

तर भिकन. आमच्या गावात दाढी-कटिंग करतो. चाळीस वर्षं माझी दाढी करतोय, आणि चाळीस वर्षं वस्तरा गळ्यावर आला की एकच वाक्य, "आबा, गिळू नका." मी थांबतो. मी मुळातच थांबणारा माणूस. बैल पाणी पीत असला तर त्याचं होईस्तोवर मी कासरा सैल सोडून उभा राहतो, त्याच्या तोंडचं पाणी तोडून मला कुठं जायचंय? तर त्या दिवशी वस्तरा गळ्यावर आला, थांबला, आणि भिकन म्हणतो, "आबा, गिळा."

"काय?"

"गिळा म्हणतो ना."

आणि मी गिळलं.

"आखो एकदा गिळा."

आखो एकदा गिळलं! आरशात बघतो तर भिकनचं तोंड माझ्या फेसापेक्षा पांढरं. वस्तरा खाली ठेवला त्यानं. अहो, अर्धी दाढी झालेली! अर्ध्या दाढीवर ज्यानं चाळीस वर्षांत कधी वस्तरा खाली ठेवला नाही, त्यानं ठेवला. मी स्वतः बोट लावून बघितलं, गळ्यात गाठ!

आणि मग काय केलं असेल त्यानं? हाक मारली! "सुकदेव, इकडे ये रे, आबाना गळाले हात लाव." गळा माझा आणि परवानगी भिकनची! सुकदेव आला, दाबून बघितलं, म्हणाला, "बोरायेवढी शे." मागचा म्हणाला, बोर कसलं, सुपारी. तिसरा म्हणाला, सुपारी टणक असते, हा रोपातला कांदा आहे. दुकानात भांडण लागलं. बोर का कांदा! आणि ज्याच्या गळ्यात आहे तो अर्ध्या दाढीनं मधे बसलाय. शेवटी निकाल काय लागला? "आबा, गिळा बरं, पुन्हा बघू." आणि मी गिळलं!

मी घरी पोचेस्तोवर बातमी माझ्या आधी पोचलेली. मंजुळाबाई, म्हणजे माझी बायको, दारात उभी. पन्नास वर्षांत ती न बोललेली मी तीनदा बघितली, दोनदा घरातून माणूस गेलं होतं, तिसऱ्यांदा ही. तिनं नुसता हात लावला, आणि हळूच म्हणाली, "गिळा हो." आता तिच्यासाठी नाही गिळायचं तर कोणासाठी?

आता रतिलाल. हा नीट ध्यानात ठेवा. रतिलाल माझा शेजारी, भिंतीला भिंत. त्याची पिठाची गिरणी आहे घराच्या पुढच्या अंगाला. बायको कुंदाबाई, स्वभावानं गरीब, चहात साखर घालताना सुद्धा विचारते. रतिलाल पंचावन्नाचा असेल, माझ्यापेक्षा लहान, पण आवाज असा की गिरणी चालू असली तरी त्याची हाक शेताच्या बांधावर ऐकू यायची. यायची! यंदा दिवाळीपासून त्याचा आवाज बसलेला. गिरणीवाल्याचा आवाज बसणार नाही तर काय, पीठ उडतं, वरून ओरडायचं, आम्ही म्हणालो, बसेल आणि उठेल. पण त्यानं काय नवीन खोड काढली माहीत आहे का? हाक मारायचंच सोडलं. मला बोलवायचं असलं की भिंतीवरच्या पत्र्यावर काठी मारायची. ठण! ठण! दुपारी माणूस जरा लवंडला की ठण! मी मंजुळाबाईला म्हणायचो, हा माणूस मला कुळवाचा बैल समजतो का? तोंड नाही का याला?

…तोंड नाही का याला, असं मी म्हणायचो. जाऊ द्या.

तर त्या संध्याकाळी ठण! गेलो. रतिलाल रुमाल गुंडाळून बसलेला, गिरणी बंद, सूर्य मावळलेला, तरी गळ्याला रुमाल. मी म्हणालो, सोड की रे तो. म्हणाला, "पीठ चिकटस आबा." बरं. मग माझ्या गळ्याकडं बघितलं. बाकी सगळं गाव हात लावून गेलं होतं, यानं हात नाही लावला. नुसता बघत राहिला. आणि म्हणाला, "आबा, बिब्बा लावा. उतरी जाई."

"तुले कसं माहीत?"

"माहीत शे ना."

आता बिब्बा म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, ते कातडीवर लावलं की माणूस आधीचं दुखणं विसरतो. मी शाळेत गेलो तो फक्त हरवलेली गाय शोधायला, मला काय कळतं? आणि रतिलालचा हात कसा सफाईचा! सुई धरली, तेल सुटू दिलं, गाठीवर अशी चौकट काढली, मधे फुली. थरथर नाही, काही नाही. मला तेव्हाच वाटायला पाहिजे होतं, की पीठ दळणाऱ्या माणसाला बिब्ब्याचा एवढा सराव कुठून झाला?

सकाळी गळ्यावर हा एवढाला फोड! बोर, सुपारी, कांदा सगळं त्या फोडाखाली गडप. मंजुळाबाईनं रतिलालला भिंतीवरून असं झाडलं, असं झाडलं… आणि तो उलट काय विचारतो? "फोड यी गया, पण गाठ कमी झाली का, वहिनी?" एकदा नाही, तीनदा विचारलं. मी म्हणालो, बघा, औषध करणाऱ्याची तळमळ!

मग देवपूर. हाच दवाखाना, हाच बाक. मला एकट्याला जायचं होतं, पण रतिलाल गिरणी बंद ठेवून आला. एसटीत बसलो, पांझरेच्या काठाशी आलो, नदीत पाणी नाही, नुसती वाळू, आणि तो खिडकीतून बघतोय. मी म्हणालो, अरे पेशंट मी आहे, तू कशाला तोंड पाडतो?

आत डॉक्टरीणबाई. हेमांगी नाव. माझ्या नातीएवढी असेल, पण नजर अशी की माणूस खोटं बोलायच्या आधीच लाजेल. तिनं पहिलं विचारलं, "पेशंट कोण?" रतिलालनं माझ्याकडं बोट केलं. "हे आबा. मी नुसता सोबतीला आलोय."

"आजोबा, दुखतं का?"

मी म्हणालो नाही. हा मागून, "दुखत नसलं तर चांगलं का वाईट, म्याडम?"

"आवाजात फरक पडलाय का?"

मी म्हणालो नाही. हा, "पण पडला तर?"

"आजोबांचा आवाज तर खणखणीत आहे."

"नाही, आहे… पण बसला, आणि सहा महिने उठलाच नाही, तर?"

"गिळायला त्रास?"

"समजा भाकरीला नाही, पण भाताला झाला… किंवा पाण्यालासुद्धा झाला, तर?"

तिनं पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही पेशंट आहात का ते?" मला एवढी लाज वाटली! मी म्हणालो, म्याडम, माफ करा, शेजारी आहे, जीव लावणारा आहे, बोलायची शिस्त नाही. रतिलाल भिंतीवरच्या गळ्याच्या चित्राकडं बघायला लागला. अर्धा कापलेला माणूस, आतलं सगळं लालनिळं दिसतंय असलं ते चित्र. त्यातल्या एका जागी त्याचं बोट गेलं आणि मागं आलं.

बाईनं मला पाणी दिलं. "घोट घ्या. गिळू नका… आता गिळा." आणि मी गिळलं. तिनं माझंच बोट माझ्या गाठीवर ठेवलं. "कळतंय? गिळताना वर जाते. म्हणजे ही गळ्यातल्या ग्रंथीची. बहुतेक साधी असते, सुईनं पाणी काढून तपासू. पण हे काळं काय आहे? बिब्बा? कोणी लावला?"

मी आपलं छताकडं बघितलं. शेजारधर्म आहे ना! रतिलाल चित्राकडं बघतोय.

"या कातडीतून मी सुई घालणार नाही. वीस दिवसांनी या. ही वर जाते म्हणून वीस दिवस थांबते आहे, आजोबा. मानेच्या बाजूला असती, दगडासारखी, गिळल्यावरही जागची न हलणारी… तर मी वीस तासही थांबले नसते."

बाहेर आलो. रतिलालनं मला उसाचा रस पाजला. स्वतःचा ग्लास हातात धरून बसला, फेस बसून गेला, रस काळा पडायला आला, मग म्हणाला, "आबा, हाई बी तुम्हीच प्या." मी म्हणालो, काय मायेचा माणूस! आणि दोन्ही ग्लास मी प्यायलो. ते दोन ग्लास, तुम्हाला सांगतो, अजून इथं अडकलेत.

मग वीस दिवस. अहो, ते वीस दिवस! गाठ परवडली, माणसं नकोत. जो येतो तो बिस्किटाचा पुडा घेऊन येतो आणि हात लावतो. बोदवडहून माझी लेक किरण आली, तिची सासू आली. सासूबाई विहीण असून डोक्यावरचा पदर सावरून म्हणतात, "व्याही, गिळा बरं." आता विहिणीसमोर कसं गिळायचं? पण मी गिळलं. शाळेतले मास्तर आले, त्यांनी तर पोरांना दाखवायला आणलं असतं. आणि सुकदेव! हा सुकदेव गावात कोणी गेलं की लाकडाचं सगळं बघतो, सरण त्याच्याच हातचं असतं. हा आला, चहा प्यायला, परसात गेला, माझ्या वाळलेल्या बाभळीभोवती एक चक्कर मारली, आणि येऊन म्हणतो, "आबा, तुमनी उंची कितली शे?"

मी म्हणालो, का रे?

"नई, सहज."

सहज! उंची कोणी सहज विचारतं का? त्या रात्रीपासून मी पाय पोटाशी घेऊन झोपायला लागलो, उंची जरा कमी भरावी म्हणून.

आणि सगळ्यांत मजा काय, मला हात लावून गेला की माणूस रस्त्यात स्वतःचा गळा दाबायचा. भिकनच्या दुकानात बघावं तर बाकावर सगळे ओळीनं मान वर करून, गळ्याला हात, गिळतायत! सगळं गाव गिळत होतं. एक रतिलाल सोडून. तो रोज दिवेलागणीला यायचा, गळ्याला रुमाल, ओट्यावर बसायचा आणि हळू विचारायचा, "आबा, आज कशी शे? वाढली का? भ्या वाटस का आबा?"

मी म्हणायचो, वाटतं रे. खोटं कशाला बोलू? मरायचं भय नाही, पण गिळता न येता मरायचं भय वाटतं. मंजुळाबाई समोर ताट घेऊन बसेल आणि मला जाणार नाही, त्याचं वाटतं.

तो गळ्याचा रुमाल घट्ट करायचा. मग म्हणायचा, "हां. तेच." मला वाटायचं, माझी चौकशी करतोय.

विसाव्या दिवशी सुई. मी डोळे मिटले, बाई म्हणाली, आता मात्र गिळू नका, मी नाही गिळलं, आणि डोळे उघडून बघतो तर सुईच्या नळीत कोऱ्या चहासारखं पाणी! आणि गाठ? बसली! बोर नाही, कांदा नाही, सपाट! आठ दिवसांनी कागद आला. बाई हसून म्हणाली, "आजोबा, साधी गाठ. तीन महिन्यांनी दाखवा, बाकी काही नाही." मी तिला हात जोडले. मागं वळलो, म्हटलं रतिलाल मला मिठी मारतो की काय. तो दारात उभा, हसतोय पण चेहऱ्याच्या एकाच बाजूनं, आणि बाईला विचारतो, "म्हणजे… एका पाण्यावरच्या, एका गिरणीचं पीठ खाणाऱ्या सगळ्यांची साधीच निघते ना?"

बाई म्हणाली, "असं कुठं असतं, काका?"

गावात मी पेढे वाटले. लोकांनी खाल्ले, पण जरा हिरमुसलेच. सुकदेव तर बाभळीकडं बघत बघत गेला. सगळ्यांत शेवटी गिरणीत गेलो. भर दुपार, वीज गेलेली, पट्टा थांबलेला, आत भट्टी. रतिलाल पाठमोरा होता. घाम पुसायला त्यानं रुमाल काढलेला.

कानाच्या खाली, इथं, या बाजूला… काळं. बिब्ब्याचे डाग. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा, कातडी नांगरल्यासारखी झालेली. आणि त्याच्याखाली ती.

मी म्हणालो, "रतिलाल, हाई काय शे?"

"काही नई. पीठ."

मी पेढ्यांचा पुडा पोत्यावर ठेवला. जवळ गेलो. आजपर्यंत मी कोणाच्या गळ्याला हात लावला नव्हता, पण माझ्या गळ्याला शंभर हात लागून गेलेले, आता मला सगळं येतं. बोट ठेवलं. दगड. आणि तुम्हाला सांगतो, ज्या शब्दाचा मला महिनाभर कंटाळा आला होता तोच माझ्या तोंडून निघाला. मी म्हणालो, "गीळ."

त्यानं गिळलं. कंठ वर गेला, खाली आला. माझं बोट जागच्या जागी.

"आखो एकदा गीळ."

त्यानं गिळलं. किती कष्टानं गिळलं! माझं बोट जागच्या जागी.

मग बसला तो पोत्यावर आणि त्या बसलेल्या आवाजात मला सगळं सांगितलं. दिवाळीपासूनची होती. कोणाला दाखवली नाही. बिब्बा लावत राहिला. आणि मग माझी निघाली, तर त्याला वाटलं, देवानंच पाठवली! एक भिंत, एक पाणी, एक पीठ… आबाची जी निघेल तीच आपली. आबाची वाईट निघाली तर आपली वाईट, मग दाखवायचं कशाला? आबाची साधी निघाली तर आपली साधी, मग दाखवायचं कशाला? म्हणजे दोन्हीकडून दाखवायचं नाहीच! आता याला काय म्हणावं? माझ्या गळ्यात स्वतःचा निकाल टाकून हा माणूस महिनाभर ओट्यावर बसून होता, आणि मी त्याच्या वाटचा रस प्यायलो.

मी त्याला एक शब्द रागावलो नाही. नुसतं म्हणालो, उद्या पहिली एसटी. तर म्हणतो, गावाला कळलं तर सगळे हात लावायला येतील, कुंदा घाबरून मरेल, सुकदेव उंची विचारेल. खरं आहे, विचारेल. मग काय करायचं? मी विचार केला. मी हळू माणूस, संध्याकाळपर्यंत विचार केला. आणि रात्री जेवताना मंजुळाबाईला सांगितलं, "माझी पुन्हा फुगली. उद्या देवपूरला जातो. रतिलाल येतोय सोबतीला."

तिनं देव पाण्यात ठेवले हो! माझ्या नावानं. असू द्या, पोचेल त्याला, भिंतीला भिंत आहे. आणि सकाळी स्टँडवर येताना भिकननं धरलं, "आबा, पुन्हा? गिळा बरं!" तिथं स्टँडवर, सपाट गळा, आत काही नाही… आणि मी गिळलं. सुकदेव लांबून बघत होता, मला वाटतं मनात मोजत होता. आता दाखवून परत गेलो की पुन्हा बिस्किटं, पुन्हा विहीणबाई, पुन्हा सगळं गाव. गिळा आबा, गिळा आबा! नसलेली गाठ कशी दाखवायची, हा एक मोठाच प्रश्न आहे, तुम्हाला काही सुचलं तर सांगा.

…थांबा. आला बघा तो. हातात कागद, गळ्याला रुमाल. बोला काहीतरी! ऊन काय पडलंय ना ताई? हो, हो, किल्ल्यावर तर बघवत नाही…

सिस्टरनं नाव पुकारलं. कोणाचं? हां, त्याचंच. पेशंट कोण, विचारतेय ती, पेशंट कोण? मी उठतो, सवय झालीय मला… अरे! रुमाल सोडला त्यानं. माझ्या हातात दिला. सगळ्या लोकांत, उघड्या मानेनं उभा आहे.

तुम्हाला ऐकू आलं नसेल तो काय म्हणाला, आवाज अगदीच बसलाय त्याचा. मी सांगतो. म्हणाला, "आबा, चला ना आत. आज पेशंट मी शे… तुम्ही नुसते सोबतले."